नदीकडचा बोळ

सांगली, १४ एप्रिल २०२४

दादा,

तू वर चौकीवर गेल्यापासून फोन लागत नाही, म्हणून शिवांजलीवहिनीकडून फौजेचा पत्ता घेऊन हे लिहिते आहे. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

बातमी चांगली नाही. समोरच्या माडीवरची बयाबाई गेली. पेठेत हळद निवडायला जायची ती. दुपारी घरी आली, डोकं दुखतंय म्हणाली आणि वर पत्र्याच्या खोलीत जाऊन पडली. सुनेला वाटलं, दमून झोपली असेल. चहाला हाक मारली तेव्हा उठेना, मग मला बोलावलं. दादा, इतकी वर्षं आरोग्य केंद्रात नर्स आहे मी, पण असं अंग कधी हाताला लागलं नव्हतं. तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठाक. घामाचा थेंब नाही. नखांत तेवढी हळद. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. तिला उन्हानं नेलं, आणि तेही रस्त्यावर नाही, घरात, निजल्या जागी.

आपली गल्ली आधी अशी नव्हती. दोनदा पुराचं पाणी घरात शिरलं आणि सगळे घाबरून वर सरकले. ज्याच्या त्याच्या माडीवर पत्रा चढला, मोकळी अंगणं बुजवून खोल्या निघाल्या. पाण्यातून वाचलो आणि पत्र्याखाली सापडलो.

महापालिकेनं उन्हाच्या कामासाठी एक मुलगी नेमली आहे, कंत्राटावर. उत्कर्षा तिचं नाव. आटपाडीकडची, धनगराची. वडील सिद्धूमामा अजून मेंढरं घेऊन फिरतात आणि ही पुण्याला जाऊन नगररचना शिकून आली. बयाबाईचं कळल्यावर केंद्रात आली आणि मला म्हणाली, "ताई, मला घरोघर न्याल का? तुम्हाला लोक आत घेतील, मला घेणार नाहीत." मी म्हटलं, सकाळी फिरू. तर म्हणाली, "सकाळी सगळीच घरं चांगली असतात. भर दुपारी जाऊ."

तेव्हापासून आम्ही दुपारच्या फिरतोय. ती भिंतीला हात लावून बघते, पत्र्याखाली उभी राहून बघते. खिडकी कुठे उघडते, म्हातारं माणूस कुठे झोपतं, रात्री पाणी प्यायला जिना उतरावा लागतो का, सगळं विचारते. बयाबाईच्या खोलीत आमच्या तापमापकाचा काटा बाहेरच्या उन्हापेक्षा वर गेला. मी बाहेर पळाले. ती आतच उभी राहिली, घामानं निथळत, आणि म्हणाली, "अजून थोडा वेळ. त्यांना तर इथंच राहायचंय."

एकदा दम खायला देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी विचारलं, हे तुझ्या डोक्यात कुठून आलं गं? तर म्हणाली, "माळावर भर दुपारी मेंढरं थांबली की एक दुसरीच्या पोटाखाली डोकं घालते. लहानपणी मला वाटायचं, लाजतात. मग कळलं, झाड नाही म्हणून ती एकमेकींची सावली करतात. तुमची गल्ली उलटं करतेय ताई. इथं प्रत्येक घर दुसऱ्याचा वारा अडवतंय."

मला ती फार आवडली आहे.

आई बरी आहे. माडीवरच झोपते. खाली अजून पुराचा वास येतो म्हणते.

तुझी,
दीपा

* * *

वरची चौकी, ६ मे २०२४

दीपे,

तुझं पत्र हेलिकॉप्टरनं आलं, रॉकेलच्या डब्यांबरोबर. तू ऊन ऊन लिहितीस आणि मी इथं बर्फ वितळवून चहा करतोय. मल्हार म्हणाला, दादा, तुमच्या बहिणीला म्हणावं थोडं ऊन पाकिटात घालून पाठवा. हा मल्हार म्हणजे माझ्याबरोबर असतो तो, औंधचा. लय गुणी पोरगं हाय.

बयाबाईचं वाचून वाईट वाटलं. सुट्टीवर आलो की "आला का माजा शिपाई" म्हणून दारात यायची. घरात निजून माणूस मरतं, हे मला पटायला येळ लागला. आमच्याकडं मरायच्या जागा ठरलेल्या असतात.

तुझी ती मुलगी हुशार दिसतीया. इथंबी छावणी उभी करायची तर आदी वारा बघतात, मग तंबू. पण आता दुसरं विचारतो. शिवांजलीशी सॅटेलाइट फोनवर बोललो. ती म्हणाली, आपल्या तालमीचे भाऊसो वस्ताद तिच्याकडं कुंडलला आले व्हते आणि सांगून गेले की महापालिकेनं आपल्या मागच्या खोलीवर लाल खूण केलीया. खरं हाय का ते? तू पत्रात एवढं सगळं लिहिलंस आणि हे लिहिलं न्हाईस.

ती खोली मी कशी बांधली तुला ठाव हाय. सुट्टीचा एक दिवस घरी बसलो न्हाई, गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहिल्या. नोकरी संपली की तिथं मसाल्याचं कांडप टाकायचं, हे माझं ठरलेलं. शेती थोरल्या चुलत्यांकडं बघायला हाय, माझ्या वाटंला ती खोली हाय. कुणी पुण्याहून शिकून येऊन त्यावर लाल रंग मारला तर मला चालणार न्हाई. मला सरळ सांग.

आईला नमस्कार.

इंद्रजित

* * *

सांगली, १५ मे २०२४

दादा,

खूण केली आहे, हे खरं. ती नोटीस नाही. जागा आपली आहे, कुणी जबरदस्ती करू शकत नाही, आणि हे उत्कर्षानंच मला पहिल्यांदा सांगितलं. मी लिहिलं नाही कारण तुला कसं लिहावं ते समजेना.

आता सगळं सांगते. आपल्या मागच्या अंगणातून घाटाकडे जाणारा बोळ होता. जागा आपली, पण येणं-जाणं गल्लीचं. तू तिथं भिंत घालून खोली काढलीस आणि बोळ बंद झाला. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

परवा संध्याकाळी उत्कर्षानं उदबत्त्यांचा पुडा आणला. गल्लीतल्या बायकांना जमवलं आणि ठिकठिकाणी हातात उदबत्ती देऊन उभं केलं. चौकात धूर सरळ वर गेला. बयाबाईच्या दारात सरळ वर. आपल्या दारातही सरळ वर, एक केसभर हलला नाही. मग ती सगळ्यांना वळसा घालून घाटाच्या बाजूला, तुझ्या भिंतीच्या पलीकडे घेऊन गेली. तिथं धूर आडवा झाला आणि भिंतीवर जाऊन आपटला. आपल्या आईनं भिंतीला हात लावला आणि मागे घेतला.

एका भिंतीनं सगळं होणार नाही, हेही ती सांगते. पत्रे पांढरे करायचे, खालून बांबूच्या तट्ट्या लावायच्या, चौकातल्या सिमेंटच्या फरशा उचलून झाडं लावायची. पेठेतल्या बायकांचं काम सकाळी आणि उन्हं उतरल्यावर करायचं. तिथल्या आडत्याला तिनं दुपारी गोदामात आपल्याजवळ बसवून ते पटवलं. पण तिचं म्हणणं असं, की संध्याकाळचा नदीचा वारा आत आला नाही तर रात्री घरं निवत नाहीत, आणि एकामागून एक न निवलेल्या रात्री आल्या की अंगातली ताकद संपते. बयाबाईच्या घरी त्या आठवड्यात कुणाला झोप नव्हती, हे मला माहीत आहे.

एक गंमत सांगते. दुपारच्या वेळी बसायला गल्लीत थंड जागा कुठली, तर भाऊसो वस्तादांची तालीम. दगडी भिंती, आत तांबडी माती, वर कौलं. उत्कर्षा थेट त्यांच्याकडे गेली. "वस्ताद, दुपारी तालीम बायकांना द्या." ते उडालेच. "आगं पोरी, बाई कवा तालमीत आलीया का?" ती म्हणाली, "बाई मेली तर खांदा द्यायला तुमचेच पैलवान लागणार. त्याआधी सावली द्या." वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आखाड्यात पाय न्हाई टाकायचा. भोवतीनं बसा." आता रोज दुपारी आखाड्याभोवती बायका बसलेल्या असतात, कुणी गहू निवडतंय, कुणी पोराला झोपवतंय. आणि दारात वस्ताद स्वतः माठ भरतात.

पण गल्लीवर पुढे आलेली त्यांच्या घराची गॅलरी उतरवा म्हटलं की तेच म्हणतात, "आदी फौजीची भिंत, मग माजी गॅलरी." म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन थांबलं आहे. मी तुला हो म्हण असं म्हणत नाही. जे आहे ते सांगितलं.

दीपा

* * *

२ जून २०२४

दीपे,

हात भरून आल्यात म्हणून मल्हारकडनं लिहून घेतोय.

तुझं पत्र वाचलं. उदबत्तीचं कौतुक वाचलं. माझं उत्तर न्हाई असं हाय. त्या खोलीवर माझं पुढचं सगळं हाय आणि आता तर जास्तच. गल्लीत दुसऱ्या भिंती न्हाईत का? आमी सीमंवर ऱ्हायचं आणि मागं आमच्या घरात दुसऱ्यांनी वारा शोधायचा, हे बरं न्हाई. तुझ्या मैत्रिणीला सांग, दुसऱ्याची जागा सोडायला सांगणं सोपं असतं.

आईची तब्येत लिही. तू दोन्ही पत्रांत तिच्याबद्दल फार थोडं लिहिलंस.

इंद्रजित

* * *

सांगली, १६ जून २०२४

दादा,

तू आईचं विचारलंस, तर आता लपवत नाही.

मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात आईला ऊन लागलं. मी केंद्रात होते. ती माडीवर पापड वाळत घालून खोलीत टेकली आणि तिथंच राहिली. तालमीत आली नाही म्हणून उत्कर्षा तिला बघायला वर गेली आणि तिनं मला फोन केला. मी धावत आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे. मी म्हटलं, आई. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी कोण? माजी दीपी अजून शाळंतनं आली न्हाई."

दादा, मी नर्स आहे. काय करायचं ते मला पाठ आहे. पण तेवढा क्षण मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. उत्कर्षा जोरात ओरडली, "ताई, खाली!" आणि त्या हाकेनं मी भानावर आले. पैलवानांनी चादरीची झोळी करून आईला तालमीत नेलं. आखाड्याच्या कडेला गार फरशीवर निजवली. वस्तादांनी माठच्या माठ आणून दिले, मी मानेत, काखेत ओल्या घड्या ठेवत होते, आणि उत्कर्षा स्वतःची ओढणी भिजवून तिच्या अंगावर वारा घालत होती, रुग्णवाहिका येईपर्यंत एकदाही न थांबता. बायका रांगेनं घागरी पुढे देत होत्या. त्या दिवशी आखाड्यात सगळ्यांचे पाय पडले, वस्तादांनीच वाट करून दिली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणण्याआधी गार केलंत म्हणून वाचल्या. आता आई घरी आहे, तळमजल्यावर झोपते, सगळ्यांना ओळखते. उत्कर्षाला "धनगराची लेक" म्हणते आणि तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवते. तू बर्फात असताना हे कळवून उपयोग काय, म्हणून लिहिलं नव्हतं.

तुझं "न्हाई" मी उत्कर्षाला सांगितलं. मला वाटलं, ती वाद घालेल. ती म्हणाली, "त्यांचा हक्क आहे." आणि दुसऱ्या दिवशी रॉकेलचा बोळा घेऊन आली आणि भिंतीवरची लाल खूण तिनं स्वतः पुसून काढली. आईच्या अंगावर वारा घालणारे तेच हात होते, दादा. मला बघवेना.

आता तू सांग. तुझ्या पत्रावर शिक्का चंडीगडचा होता. आणि मल्हारनं लिहिलेल्या पत्राखाली तुझी सही अशी होती, की पेन धरवत नसलेल्या माणसाची असते. हट्टानं नाही म्हणणारा माणूस असा लिहीत नाही. नर्सला फसवणं सोपं नसतं.

दीपा

* * *

मिलिटरी हॉस्पिटल, चंडीगड, ४ जुलै २०२४

दीपे,

आज स्वतःच्या हातानं लिहितोय. अक्षर वाकडं हाय, समजून घे.

मे महिन्यात वादळ झालं. गस्तीवर मल्हार बर्फाच्या भेगंत घसरला, दोराला लोंबकळत व्हता. त्याला वढून काढंस्तवर माझा बूट ओला झालाय हेच कळलं न्हाई, बर्फानं बोटं काळी पडली. हाताची बोटं वाचली. उजव्या पायाची काढावी लागली. मल्हार धडधाकट हाय. त्यानं सुट्टी घेतली न्हाई, माझ्या खाटंपाशी बसून ऱ्हायला, आणि ते पत्रबी त्यानंच लिहिलं. लिहिताना मधीच थांबून म्हणाला, दादा, हे असं नका लिहू. मी म्हटलं, तू लिही.

आता मेडिकल बोर्ड हाय. घरी पाठवणार हे ठरल्यागत हाय. म्हणून "जास्तच" असं लिहिलं व्हतं. लंगडा माणूस दुसरं काय करणार? एक खोली व्हती, तीबी मागायला लागलासा, असं मनात आलं आणि राग आला. तो राग तुझ्यावर न्हवता, त्या पोरीवरबी न्हवता.

आईनं तुला ओळखलं न्हाई, ती ओळ मी लय येळा वाचली. मग पुढची वाचली. पैलवान, वस्ताद, घागरी देणाऱ्या बायका, ओढणी. बर्फात मी पडलो असतो तर दोर लावायला माणसं व्हती, वरून हेलिकॉप्टर आलं असतं. सरकारनं त्याची सोय केलेली असती, कारण तिथं मरायचा धोका हाय हे सगळ्यांना ठाव असतं. बयाबाई आपल्या घरात झोपली व्हती. तिथं धोका हाय असं कुणी म्हटलंच न्हवतं. ती पोरगी पहिल्यांदा म्हणाली.

आणि तिनं खूण पुसली. मी तिला एवढं टाकून बोललो आणि तिनं माझी भिंत मला परत दिली. पलटणीत असे अफसर मी फार थोडे बघितलेत.

पाडा भिंत. माझी वाट बघू नका.

शिवांजलीला सगळं ठाव हाय, मीच तिला गप्प बसायला सांगितलं व्हतं. तिच्यावर रागावू नको.

इंद्रजित

* * *

सांगली, २० जुलै २०२४

इंद्रजितदादा,

आपली ओळख नाही, तरी ताई लिहितात म्हणून मीही दादा लिहिते.

तुमचा होकार ताईंनी मला वाचून दाखवला. वाचताना त्या दोनदा थांबल्या. मला तुमच्याबद्दल काय वाटलं ते लिहिता येणार नाही, पण एक सांगते. भिंतीला मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही. खाटेवर पडलेल्या माणसानं दिलेला होकार मला घ्यायचा नाही. तुम्ही घरी या, बोळाच्या दोन्ही तोंडांना उभे राहा, संध्याकाळी बसून बघा. मग नाही म्हणालात तरी आपण दुसरं काही शोधू.

तुम्हाला राग का आला ते मला समजतं. आमच्या माळावर एकेक करत कुंपणं उभी राहिली. वडिलांना कुणी विचारलं नाही. मेंढरं नेहमीच्या वाटेनं गेली आणि तारेला जाऊन थटली. न विचारता जागा जाते तेव्हा माणूस कसा गप्प होतो, हे मी घरात बघितलेलं आहे. म्हणून लाल खूण करण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं.

तुमच्या कांडपाचं मात्र थांबवू नका. भाऊसो वस्तादांशी बोलले. तालमीला रस्त्याच्या बाजूचा एक गाळा आहे, त्यात जुनी लाकडी मुद्गलं पडून आहेत. वस्ताद म्हणाले, "मुद्गलं कुटंबी ठेवीन. फौजीला म्हणावं, गाळा तुजा." रस्त्यावर असल्यानं गिऱ्हाईकही जास्त येईल. तुम्हाला आवडला तरच.

तुमच्या आई माझी भाकरी झाकून ठेवतात, त्या मायेची फेड मला कशातच करता येणार नाही.

आपली,
उत्कर्षा

* * *

सांगली, २९ एप्रिल २०२५

उत्कर्षा,

साताऱ्याच्या नव्या कामावर रुळलीस का? फोनवर मला नीट बोलता येत न्हाई, चौकीवर पत्राची सवय लागली ती ऱ्हायली, म्हणून लिहितोय.

तू असताना भिंत पाडली ती थंडीत. पहिला घण मी मारला, दुसरा वस्तादांनी. पण तवा कुणाला काय कळलं? उलट म्हातारी माणसं कुरकुरली, लय गार वारं येतंय म्हणून. तू गेलीस आणि मला वाटलं, आपण उगाच तर न्हाई ना पाडली? खोटं का सांगू. तालमीच्या गाळ्यातल्या कांडपावरनं घरी आलो की रोज बोळाकडं बघायचो आणि मनात म्हणायचो, काय रं गड्या, जागा तर गेली.

मग हा महिना आला. गेल्या साली नव्हतं असलं ऊन पडलं. डांबर बुटाला चिकटायला लागलं. दीपी घरोघर पळत व्हती. पांढऱ्या पत्र्याखाली आता काट्याला फरक दिसतो, ती सांगत व्हती, पण मला काट्यातलं काय कळत न्हाई. मला कळलं ते असं.

परवा संध्याकाळी मशीन बंद केलं आणि काठी घेऊन बोळाच्या तोंडाशी उभा ऱ्हायलो. दिवसभर पान हललं नव्हतं. घाटाकडनं आदी नदीचा वास आला. मग दोरीवरची लुगडी हलली. एकदम न्हाई, कुणी झोपेतनं कूस बदलावी तशी. आणि वारं आत शिरलं, माझ्या अंगावरनं गल्लीत गेलं, चौकातल्या लिंबाच्या रोपाला लागलं. घराघरांतनं बायका बाहेर आल्या. कुणी कुणाला हाक मारली न्हाई, तरी आल्या. बयाबाईची सून तिचं तान्हं घेऊन आली, बोळात पटकुर टाकलं आणि पोराला निजवलं. पोरगं झोपलं. ती माझ्याकडं बघून हसली. मला जे मिळायचं ते मिळालं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी आपली गॅलरी स्वतः उतरवली. विचारलं तर म्हणाले, "माजी पाळी व्हती."

सगळं गोड लिहीत न्हाई. बिरदेव हमाल पेठेत चक्कर येऊन पडला. तालमीत आणला, बरा झाला. आपल्या गल्लीतनं यंदा अजून कुणी गेलं न्हाई. पण पेठेपलीकडच्या गल्लीत एक म्हातारा गेला, पत्र्याखालीच. तिथं अजून कुणी काही केलेलं न्हाई. मी आणि दीपी आता तिकडं जायला लागलोय. भर दुपारी. उदबत्तीचा पुडा माझ्या खिशात असतो. लोक हसतात, फौजी पूजा घालत फिरतोय म्हणतात. हसू देत.

दीपीला मी कधी म्हटलं न्हाई, पण तिच्यामागं काठी टेकत चालताना मला पलटणीत चालल्यासारखं वाटतं. तू तिला जे शिकवून गेलीस ते ती आता दुसऱ्यांना शिकवतीया.

आई आठवण काढती.

इंद्रजित

* * *

सातारा, ५ मे २०२५

दादा,

तुमचं पत्र आलं. मी ते इथल्या कार्यालयात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

इथं काम अवघड आहे. किल्ल्याच्या पायथ्याला एक दाट वस्ती आहे. सातारा थंड गाव, इथं कसलं ऊन, असं सगळे म्हणतात, आणि घरं मात्र तशीच एकमेकांना चिकटत चालली आहेत. वस्तीच्या मधोमध एक मोकळा चौक आहे, जयराजराव नावाच्या गृहस्थांच्या मालकीचा. डोंगराकडून येणारा वारा तिथून खाली उतरतो. त्यांना आता त्यावर पत्रा टाकून दुकानं काढायची आहेत. माणूस वाईट नाही. मला चहा देतात, सगळं ऐकून घेतात. काल म्हणाले, "बाई, तुमी म्हणताय ते पटतंय. पण आपल्या हातानं बांधलेलं, आपल्या मालकीचं, लोकांना वारा लागावा म्हणून सोडलेला एक माणूस मला दाखवा. एक दाखवा, मग बोलू."

मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "असं पत्रात लिहायला काय जातंय?"

काय करावं, सुचत नाही.

उत्कर्षा

* * *

सांगली, ९ मे २०२५

उत्कर्षा,

पुढच्या शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला येतोय. दीपी केंद्रातनं रजा घेऊन बरोबर येती. स्टँडवर यायची गरज न्हाई, आमी विचारत येऊ. चढ असला तर मला जरा येळ लागंल, तेवढं धरून चाला.

जयराजरावांना म्हणावं, चहा ठेवा. दाखवायचा माणूस येतोय.

इंद्रजित